फाइल आहे, पण सापडत नाही: खानदेशातल्या डिजिटल संग्रहासाठी मेटाडेटा कसा लिहावा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाचा पिवळा पडलेला फोटो, कानबाई देवीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग, केळीवरच्या रोगाची घडीपत्रिका. हे सगळं स्कॅन होतं, हार्ड डिस्कवर जातं आणि 'स्कॅन ००४७ फायनल नवीन' अशा नावाने तिथेच पडून राहतं. पुढे कोणी ते संकेतस्थळावर चढवलं, तरी शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही, कारण फाइलीबरोबर तिची माहिती गेलेलीच नसते. ही माहिती म्हणजे मेटाडेटा: काय आहे, कोणाचं, कधीचं, कुठलं, कोणत्या भाषेत, कशाबद्दल. ती संगणकासाठी लिहायची असं बरेच जण समजतात. लिहायची असते ती शोधणाऱ्याच्या तोंडचा शब्द ओळखून.

हा लेख गावातलं सार्वजनिक वाचनालय, महाविद्यालयाचं ग्रंथालय, बोलीचे अभ्यासक किंवा शेतकरी गट यांच्यासाठी आहे. हाताशी काही शे ते काही हजार फाइली, एक संगणक आणि एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क असलं की पुरे.

आधी शोधणारा, मग रकाने

कामाची सुरुवात सॉफ्टवेअर निवडण्यापासून करू नका. संग्रहातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पंचवीस वस्तू बाजूला काढा. प्रत्येकीसमोर लिहा: ही कोणाला लागेल आणि तो माणूस शोधचौकटीत काय टाइप करील? इथेच पहिला खड्डा दिसतो. घडीपत्रिकेवर छापलेलं असतं 'सिगाटोका', रावेर-यावलचा शेतकरी शोधतो 'केळी करपा'. एका पत्रकात 'शेंदरी बोंडअळी', दुसऱ्यात 'गुलाबी बोंडअळी', कीड एकच. अभ्यासक 'अक्षय्य तृतीया गीते' शोधतो, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याने 'आखाजीनी गानी' लिहिलेलं असतं. यातलं कोणतंच चूक नाही. म्हणून एक रूप ठरवून तेच सगळीकडे वापरायचं आणि बाकीची रूपं त्याच नोंदीत वेगळ्या रकान्यात ठेवायची. पुढची सगळी पद्धत यावरच उभी आहे.

रकाने किती

डब्लिन कोअर नावाचा पंधरा घटकांचा साचा जगभर चालतो. त्याचं नाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावावरून पडलं. १९९५ मध्ये तिथल्या कार्यशाळेत त्याची सुरुवात झाली. डीस्पेस, ओमेका अशी संग्रहासाठीची सॉफ्टवेअर या साच्यावरच चालतात, त्यामुळे आज एक्सेलमध्ये लिहिलेलं उद्या तिकडे नेता येतं. पण पंधराच्या पंधरा रकाने भरायचा हट्ट धरला तर काम दुसऱ्या आठवड्यात थांबतं. आठ सक्तीचे ठेवा: ओळख क्रमांक, शीर्षक, कर्ता, तारीख, प्रकार, भाषा, विषय, हक्क. त्यात स्थळ, वर्णन, मूळ प्रत कुठे आहे आणि पर्यायी नावं हे चार जोडा. बारा झाले, एवढं बस्स.

ओळख क्रमांक फाइलीच्या नावातही तोच हवा. रोमन अक्षरांत संग्रहाचं तीन अक्षरी लघुनाव, मग वस्तूचा पाच आकडी क्रमांक, मग पानाचा तीन आकडी क्रमांक, मध्ये आडवी रेघ. जागा सोडायची नाही. पुढे शून्यं हवीतच, नाहीतर अनेक ठिकाणी १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो. फाइलीचं नाव देवनागरीत दिलं तर काही जुन्या प्रणालींमध्ये झिप उघडताना त्याची चौकटी-चौकटींची माळ होते. नावात विषय, वर्ष, गाव कोंबू नका. त्यासाठी रकाने आहेत.

शीर्षक

वस्तूवर छापलेलं शीर्षक असेल तर ते जसंच्या तसं, छपाईतल्या चुकीसकट. चूक दुरुस्त केलेलं रूप पर्यायी नावांत जातं. शीर्षकच नसेल, म्हणजे बहुतेक फोटो, पत्रं, रेकॉर्डिंग, तर ते तुम्ही तयार करायचं आणि चौकटी कंसात ठेवायचं, म्हणजे ते मूळचं नाही हे वाचणाऱ्याला कळतं. 'जुना फोटो' हे शीर्षक नव्हे. काय दिसतं, कुठे, केव्हा, या क्रमाने लिहा: [कापसाच्या गाठी भरलेल्या बैलगाड्या, जिनिंगसमोर, धरणगाव]. शीर्षकात 'ऐतिहासिक', 'दुर्मिळ', 'अमूल्य' असली विशेषणं नकोत. तो शब्द कोणी शोधत नाही आणि सगळ्याच नोंदींना लावल्यावर त्याला अर्थही उरत नाही.

गावाचं नाव: सगळ्यात जास्त घोळ इथे

खानदेशाच्या नोंदींत स्थळाचा रकाना घाईत भरला की संग्रह विस्कटलाच. कारणं तीन.

पहिलं, लेखन. अमळनेर आणि अंमळनेर, पारोळा आणि पारोळे, तळोदा आणि तळोदे, शहादा आणि शहादे. जुन्या इंग्रजी कागदांत धुळ्याचं स्पेलिंग 'धुलिया' असं वाचावं लागतं आणि भुसावळमधल्या 'व'ला कधी 'व्ही', कधी 'डब्ल्यू'.

दुसरं, नावं बदलली. मुक्ताईनगर पूर्वी एदलाबाद होतं. अक्राणी तालुक्याचं मुख्यालय धडगाव, आणि लोक दोन्ही नावं एकमेकांच्या जागी वापरतात. जिल्ह्यांचा इतिहास तर आणखी गुंत्याचा. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला गोळीबारात शिरीषकुमार शहीद झाला, त्या घटनेचे कागद तेव्हाच्या नोंदींत 'पश्चिम खानदेश' खाली असतात आणि आजचा विद्यार्थी 'नंदुरबार जिल्हा' टाकून शोधतो. दोन्ही लिहा: स्थळाच्या रकान्यात आजचा गाव-तालुका-जिल्हा, पर्यायी नावांत त्या काळचा जिल्हा. १८८० च्या गॅझेटियरमध्ये हा सगळा मुलूख एकाच खानदेश खंडात आहे. त्यातली पानं सुटी नोंदवत असाल तर प्रत्येक पानाला आजचा जिल्हा द्यावाच लागेल.

तिसरं, एकाच नावाची गावं. वडगाव, पिंपळगाव, पिंप्री ही नावं नुसती लिहिली की नोंद निरुपयोगी. तालुका हवाच. जमल्यास २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी क्रमांक वेगळ्या रकान्यात द्या. नाव कसंही लिहिलं गेलं तरी गाव पक्कं राहतं आणि पुढे नकाशावर टाकायला सोपं जातं.

आता एक गोष्ट जी इंग्रजीतल्या मार्गदर्शिकेत सापडायची नाही. मराठी नामाला प्रत्यय लागला की शब्दच बदलतो. 'धुळे'चं 'धुळ्यात', 'धुळ्यातील' होतं, 'केळी'चं 'केळीवरील'. साधी शोधयंत्रणा 'धुळे' शोधल्यावर 'धुळ्यातील' दाखवत नाही, कारण तिच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. शीर्षकात आणि वर्णनात वाक्य लिहिताना प्रत्यय येणारच. म्हणून विषय आणि स्थळ या रकान्यांत प्रत्येक महत्त्वाचं नाव मूळ रूपात, सुटं, एकदा तरी आलं पाहिजे. 'धुळ्यातील लोकगीते' असा एक विषय देऊ नका. 'धुळे' स्थळात, 'लोकगीते' विषयात.

माणसांची नावं

आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव: साने, पांडुरंग सदाशिव. पर्यायी नावांत 'साने गुरुजी' आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलेलं 'साने गुरूजी'ही, कारण लोक तसं टाइप करतात. राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ, पर्यायीत 'वि. का. राजवाडे', 'इतिहासाचार्य राजवाडे'. पदव्या, 'श्री.', 'कै.', 'प्रा.' ठरलेल्या रूपात घ्यायच्या नाहीत, नाहीतर यादी 'श्री'पाशीच गोळा होते. बाईंचं माहेरचं आडनाव ठाऊक असेल तर पर्यायीत द्या. बहिणाबाई चौधरी या माहेरच्या महाजन, आणि आसोदा या त्यांच्या माहेरगावचे कागद तपासणाऱ्याला तेच आडनाव लागतं.

कर्ता कोण, यावरही वाद होतो. रेकॉर्डिंगमध्ये गाणारी बाई कर्ती. फोन धरणारा सहायक. फोटोत दिसणारी माणसं कर्ता नव्हेत, ती विषय आहेत. ओळख पटली नसेल तर 'डावीकडून तिसरे: ओळख पटलेली नाही' असं वर्णनात लिहा, अशी कबुली वाचूनच कोणीतरी नाव कळवतं. हयात माणसाचा फोन नंबर, घरचा पत्ता, जात हे रकाने बनवूच नका. रेकॉर्डिंगला संमती कोणी दिली, कधी दिली, हे मात्र तुमच्या अंतर्गत वहीत हवं. सातपुड्यातली काही विधीगीतं गाणाऱ्यांना सगळ्यांपुढे नको असतात. तिथे नोंद उघडी आणि फाइल बंद ठेवता येते.

तारीख

वर्ष-महिना-दिवस, मध्ये आडवी रेघ: 1936-12-27. फक्त वर्ष ठाऊक असेल तर फक्त वर्ष. उगीच '०१-०१' जोडू नका, नाहीतर संग्रहातली अर्धी मंडळी एक जानेवारीला जन्मतात. या रकान्यात आकडे इंग्रजी वळणाचेच टाइप करा, देवनागरी आकड्यांवर बऱ्याच प्रणाली क्रम लावू शकत नाहीत. अंदाजे काळ असेल तर इथे सुरुवातीचं वर्ष द्या आणि वर्णनात 'सुमारे १९५० ते १९५९, पोशाख आणि पाटीवरून' असं कारणासकट.

जुन्या कागदांवर शक असतो. चैत्र ते कार्तिक शकात ७८ मिळवा; माघ-फाल्गुनाला ७९. शके १८५८ आश्विन म्हणजे १९३६, पण शके १८५८ माघ म्हणजे १९३७. मार्गशीर्ष आणि पौषात इंग्रजी वर्ष मध्येच बदलतं, तिथे तिथी असेल तर पंचांग उघडावंच लागतं. नंदुरबारकडच्या व्यापारी वह्यांत कार्तिकी विक्रम संवत भेटला तर दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. मूळ तिथी जशी आहे तशी वर्णनात ठेवा.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: स्कॅनर किंवा फोन फाइलीत स्वतःची तारीख लिहितो. ती स्कॅनची तारीख. गॅलरीचं सॉफ्टवेअर तीच उचलतं आणि १९३६ चा फोटो २०२४ मध्ये जाऊन बसतो.

भाषा

अहिराणी रेकॉर्डिंगला 'मराठी' लिहिणं ही सवय मोडा. भाषांच्या तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेतांत अहिराणीला स्वतंत्र संकेत आहे, 'एएचआर'. खानदेशीला 'केएचएन', भिलीला 'बीएचबी', मराठीला 'एमएआर'. सगळे लहान रोमन अक्षरांत. एका गाण्यात दोन भाषा असतील तर दोन्ही द्या. ज्या बोलीला संकेत सापडत नाही, तिचं नाव विषयात लिहा आणि वर्णनात कोणत्या गावची बोली तेही. डीस्पेसमध्ये भाषांची यादी आधीच ठरलेली असते आणि तिच्यात अहिराणी नसते; ती यादी 'सबमिशन फॉर्म्स' नावाच्या फाइलीत असते, तिथे एक ओळ वाढवून घ्या.

भाषेचा रकाना ओसीआरलाही, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या यंत्रणेलाही लागतो. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावर चढवताना भाषा मराठी दिली तर तिथली यंत्रणा मराठी अक्षरं वाचायचा प्रयत्न करते. इंग्रजी दिली तर देवनागरी पानातून इंग्रजी अक्षरांचा कचरा निघतो आणि आतला मजकूर शोधता येत नाही.

दिसायला सारखं, आतून वेगळं

'शेतकऱ्यांचा' हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक नाही. संगणकाला मात्र हे दोन शब्द. 'ॲप'मधल्या ॲचीही हीच गत. दोन माणसांनी दोन फोनवर नोंदी केल्या की निम्म्या हरवतात. तुमची प्रणाली हे सांभाळून घेते का, ते पाहायला दोन्ही कीबोर्डवर तोच शब्द टाइप करून शोधा. निकाल वेगळे आले तर पहिलं रूप पक्कं करा आणि पूर्ण तक्त्यात 'शोधा आणि बदला' एकदा चालवा.

श्री-लिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टात मांडलेल्या पीडीएफचं दुखणं वेगळं. त्यातला परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य रोमन अक्षरं आली तर आतला मजकूर शोधासाठी मेलेला आहे. ओसीआरमायपीडीएफ हे मोफत साधन जुना मजकूर बाजूला सारून टेसरॅक्ट या ओसीआर प्रणालीच्या मराठी प्रारूपाने नव्याने ओसीआर करतं. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली असेल तर मात्र जोडाक्षरांचा चुराडा होतो. बारीक टाइपाच्या वर्तमानपत्राला ४०० घ्या.

एक्सेलही दगा देतं. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, उघडताना देवनागरीचा बट्ट्याबोळ झाला तर फाइल 'यूटीएफ-८' म्हणून आयात करा. ओळख क्रमांक आणि तारीख हे स्तंभ टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर ०००१२ चा १२ होतो आणि १९३६-१२ चा 'डिसेंबर ३६'.

नामसूची

नामसूची म्हणजे ठरलेल्या नावांची आणि त्यांच्या इतर रूपांची यादी. तिच्यासाठी त्याच एक्सेल फाइलीत दुसरं पान उघडा. स्तंभ चार: ठरलेलं रूप, इतर मराठी रूपं, रोमन रूपं, टीप. रोमन रूपं साध्या अक्षरांत, लोक मोबाइलवर टाइप करतात तशी. 'श'ला 'एस-एच' आणि नुसता 'एस' दोन्ही. मोठ्या ग्रंथालयांच्या प्रणालीत नामसूची शोधाशी आपोआप जोडलेली असते. आपल्याकडे बहुधा नसते, म्हणून इतर रूपं प्रत्येक नोंदीत उतरवावी लागतात. हाताने नको: मुख्य पानात स्थळ आणि विषय निवडला की एक्सेलचं व्हीलुकअप हे सूत्र नामसूचीतली बाकीची रूपं 'पर्यायी नावं' रकान्यात आणील. स्थळ, विषय, भाषा, प्रकार हे रकाने निवडयादीतूनच भरू द्या. एका वस्तूला पाच ते आठ विषय पुरतात. 'खानदेश' हा विषय प्रत्येक नोंदीला लावण्यात अर्थ नाही, संग्रहच खानदेशचा आहे.

भरलेली नोंद, ओळख क्रमांक सोडून, अशी दिसते:

शीर्षक: [फैजपूर काँग्रेस अधिवेशनातील स्वयंसेवक, मंडपाच्या प्रवेशद्वारापाशी]
कर्ता: अज्ञात
तारीख: 1936-12
प्रकार: स्थिर चित्र
भाषा: लागू नाही, मागे मराठी हस्तलेख
स्थळ: फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव
विषय: भारतीय राष्ट्रीय काँग्रेस, अधिवेशने, स्वयंसेवक, स्वातंत्र्यचळवळ, फैजपूर
पर्यायी नावं: फैजपूर काँग्रेस, कॉंग्रेस, पूर्व खानदेश, रोमन रूपं
वर्णन: काँग्रेसच्या ग्रामीण भागातल्या पहिल्या अधिवेशनातील फोटो, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. चित्रात अकरा स्वयंसेवक, कोणाचीही ओळख पटलेली नाही. मागे पेन्सिलने 'फैजपूर, सन ३६'. उजवा कोपरा फाटलेला.
मूळ प्रत: खासगी संग्रह, प्रत परत केली
हक्क: तपासणी बाकी

'काँग्रेस' आणि 'कॉंग्रेस' दोन्ही का? चंद्रबिंदू आणि अनुस्वार वेगळे टाइप होतात म्हणून. वर्णन पन्नास-ऐंशी शब्दांत आटपा आणि मागचा मजकूर अवतरणात जसाच्या तसा.

हक्काचा रकाना रिकामा ठेवू नका, 'तपासणी बाकी' लिहा. संस्थेने स्कॅन केलं म्हणून हक्क संस्थेकडे येत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. स्मरणिकेत मात्र प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, म्हणजे हिशेबही वेगळा.

चढवताना

डीस्पेसच्या सीएसव्हीत एका रकान्यातली अनेक मूल्यं दोन उभ्या रेघांनी तोडतात. इंटरनेट अर्काइव्हला अर्धविराम चालतो. एकाचं चिन्ह दुसरीकडे गेलं की पाच विषयांचा एक लांबलचक विषय होतो. इंटरनेट अर्काइव्हवर वस्तूची ओळख एकदा दिली की बदलता येत नाही, तेव्हा तिथेही तुमचाच क्रमांक वापरा. विकिमीडिया कॉमन्सवर हक्क मुक्त असल्याशिवाय काहीही चढवू नका, पुसलं जातं. गूगल ड्राइव्हची लिंक व्हॉट्सॲप गटात टाकणं म्हणजे संग्रह खुला करणं नव्हे. शोधयंत्रांना ती फाइल सहसा दिसत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली आतली माहितीही गळून पडते. देवाणघेवाण करायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

यूट्यूबवर अहिराणी गाणी टाकत असाल तर वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत गाव, गाणारी, प्रसंग आणि भाषा येऊ द्या. बाकीचं 'आणखी' दाबल्याशिवाय दिसत नाही. लांब रेकॉर्डिंगला वेळेनुसार भाग पाडा: पहिला शून्य मिनिटापासून, किमान तीन, प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. मग कानबाईच्या गाण्यांतल्या 'रोट' या भागावर थेट उडी मारता येते.

तपासणी

पंचवीस नोंदी झाल्या की थांबा. नोंदी न पाहिलेल्या पाच जणांना बसवा: एक शेतकरी, एक विद्यार्थी, एक शिक्षक, अहिराणीच घरात बोलणारी एक बाई, एक बाहेरगावचा. 'केळीच्या रोगाची माहिती शोधा' एवढंच सांगा, शब्द सुचवू नका. ते काय टाइप करतात ते जसंच्या तसं लिहून घ्या. रिकामा निकाल देणारा प्रत्येक शब्द नामसूचीत जातो. मग तक्ते साफ करायच्या ओपनरिफाइन या मोफत साधनात तक्ता उघडून स्थळाच्या स्तंभाचा टेक्स्ट फॅसेट, म्हणजे कोणतं मूल्य किती वेळा आलं याची यादी, काढा. 'पारोळा' सतरा वेळा आणि 'पारोळा ' मागे जागा सोडून दोनदा, हे तिथे लगेच उघडं पडतं.

संग्रह खुला झाल्यावर हेच काम महिन्यातून एकदा: रिकाम्या शोधांची यादी काढा, नवी रूपं नामसूचीत टाका, पर्यायी नावांचा स्तंभ पुन्हा चढवा. चढवण्याआधी जुना तक्ता तारीख घालून वेगळा जपा, कारण सूत्र एक ओळ सरकलं तर फैजपूरची सगळी नावं फागणे गावाच्या खात्यात जातात.